दारातलं इंग्रजी

कमान अजून ओली होती. सिमेंटवर पाणी मारलं की जो वास उठतो, थोडा मातीचा, थोडा राखेचा, तो रस्त्यापर्यंत येत होता. नाशिकला मखमलाबादच्या बाजूच्या या शाळेला पूर्वी कमान नव्हती. दोन दगडी खांब होते आणि मधे एक लोखंडी फाटक, जे कधी पुरतं उघडत नसे आणि कधी पुरतं लागतही नसे. मुलांच्या दप्तरांनी घासून घासून त्याच्या मधल्या पट्टीवरचा रंग उडाला होता आणि आतलं लोखंड चकाकायचं. ते फाटक कुठे आहे, मी विचारलं नाही. भंगारातच असणार.

माझे वडील, आमचे अण्णा, या शाळेत इंग्रजी शिकवायचे. मागच्या पावसाळ्यात ते वारले. त्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून ही कमान बांधली. बाहेरच्या बाजूला त्यांचं नाव लिहून झालं आहे. आतली बाजू, जी फक्त शाळेतून निघणाऱ्याला दिसते, ती कोरी ठेवली होती. तिथे सरांचं एक वाक्य लिहायचं ठरलं होतं. कोणतं, यावर वाद नव्हता. ते सगळ्यांना पाठ होतं. वाद एवढाच होता, की ते दुरुस्त करून लिहायचं की जसंच्या तसं.

"ताई, तुम्हीच सांगा," विलास फोनवर म्हणाला होता. "तुम्ही तर एडिटर. तुमच्या नजरेतून असं वाक्य सुटेल का?"

नाही सुटणार. इतरांच्या इंग्रजीतल्या चुका काढणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. म्हणूनच मी शनिवारी सकाळी रिक्षा केली आणि स्वतः तिथे जाऊन उभी राहिले.

विलास अण्णांचा लाडका विद्यार्थी. कॉलेज रोडला त्याचे इंग्रजी संभाषणाचे क्लास आहेत, आणि ते चांगले चालतात. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तो रोज सकाळी एक चूक टाकतो. 'डोक्यात जाणाऱ्या चुका' असं त्या सदराचं नाव. डिस्कस अबाउट म्हणू नका. रिव्हर्ट बॅक म्हणू नका. कझिन ब्रदर नावाचा प्राणी जगात नाही. मायसेल्फ अमुक तमुक अशी ओळख करून दिलीत, तर समोरचा तिथल्या तिथे तुमची किंमत करतो. खाली हसून लोळणारे चेहरे येतात.

मी त्या ग्रुपमध्ये अण्णांच्या नंबरवरून आहे. त्यांचा फोन मी बंद केलेला नाही. रोज सकाळी चहाच्या वेळेला तो टेबलावर थरथरतो, आणि त्यांचंच इंग्रजी चुकीचं म्हणून त्यांच्याच फोनवर येतं. मी चष्मा लावून ते वाचते. विलासच्या मनात काही वाईट नसतं, हे मला कळतं. आपण कुणाची वाक्यं टाकतो आहोत हे त्याला आठवतही नसेल.

मला मात्र दुसरं काही आठवतच नाही. कझिन ब्रदर वाचलं की सटाण्याची उन्हाळ्याची सुट्टी येते. गच्चीवर ओळीने घातलेली अंथरुणं, संध्याकाळी शिंपडलेल्या पाण्याची वाफ, आणि अण्णांच्या खांद्यावर हात टाकून बसलेले नाना, त्यांच्या काकांचा मुलगा. अण्णा कुणालाही त्यांची ओळख करून द्यायचे ती अशी: "ही इज माय कझिन ब्रदर." नुसतं कझिन म्हणून थांबणं त्यांच्या जिवावर यायचं. भाऊ कापून टाकल्यासारखं वाटत असावं. नानाही तो शब्द ऐकून ताठ बसायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण शेवटचा शब्द आपल्या हक्काचा आहे हे त्यांना ठाऊक होतं.

आमच्या घरी रविवारी सकाळी इंग्रजी असायचं. नियम अण्णांचाच. पहिला चहा झाला की जेवणापर्यंत मराठी बंद. आई स्वयंपाकघरातून आधी कुरकुर करायची आणि मग सगळ्यांच्या वर आवाज काढायची. तव्यावरून भाकरी उतरली की तिचं सुरू व्हायचं. "कम फास्ट, हॉट हॉट इट!" अण्णा ताटावर बसता बसता म्हणायचे, "गिव्ह स्मॉल स्मॉल." आणि आई म्हणायची, "नो स्मॉल. टेक फुल. यू आर लुकिंग वाळलेला." मराठी शब्द आला की दंड म्हणून भांडी विसळायची असत. ती भांडी आई तशीही विसळायचीच, त्यामुळे ती निर्धास्त होती. बाजरीच्या भाकरीचा करपलेला पापुद्रा, लसणाच्या चटणीचा ठसका, आणि हॉट हॉट. एकदाच हॉट म्हटलं की ती भाकरी निवलेली वाटते. मी जगात बरंच इंग्रजी वाचलं, सुंदर वाचलं, पण गरम भाकरीला पुरेल असं इंग्रजी मला आईकडेच सापडलं.

शाळा तेव्हा गावाबाहेर होती. भिंतीला लागून द्राक्षबागा होत्या. आता तिथे इमारती आहेत, खाली औषधांचं दुकान आणि वर जिम. ऑक्टोबरात छाटणी झाली की कापलेल्या काड्यांचे ढीग बांधावर पडायचे. थंडी सुरू झाली की सकाळी लवकर आलेली मुलं त्याच काड्या फाटकाशी पेटवायची. नाशिकची ती थंडी, तोंडातून निघणारी वाफ, आणि द्राक्षाच्या काडीचा धूर. तो धूर डोळ्यांना झोंबत नाही, त्याला किंचित गोडसर वास असतो. अण्णा सायकलवरून उतरायचे, मफलर सोडायचे आणि मुलांच्या मधे उकिडवे बसून हात शेकायचे. मी त्यांच्या मागे कॅरियरवरून उतरायचे. याच शाळेत होते मी.

बागेत फवारणी असली की मुलांची बोटं निळी असायची. मोरचूद आणि चुना कालवताना डागलेली. तो निळा रंग साबणाने निघत नसे. कितीतरी दिवस पानं उलटताना, पेन धरताना तो दिसत राहायचा. अण्णा एकेकाचा हात उलटा करून बघायचे. "व्हाय युवर फिंगर्स आर ब्लू?" शब्दांचा क्रम चुकलेला. मुलं एका सुरात उत्तर द्यायची, "सर, टुडे मॉर्निंग वी वेअर इन द फार्म!" टुडे मॉर्निंगही चुकलेलं. विलासने ते मागच्याच महिन्यात टाकलं होतं. त्याची बोटं सगळ्यांत निळी असायची. वडिलांच्या बागेत तोच बादली ढवळायचा.

आता ते वाक्य.

शेवटचा तास संपला, घंटा झाली, की अण्णा खडू ठेवायचे, डस्टरने स्वतःचे हात झटकायचे, आणि दारात जाऊन उभे राहायचे. मग म्हणायचे, "नाऊ, ऑल कम." आणि वर्ग निघायचा. येण्यासाठी नाही, जाण्यासाठी. बाकं सरकायची, दप्तरं पाठीवर चढायची, आणि मुलं त्यांच्या अंगावरून बाहेर सांडायची. पुढे वर्गातून ते फाटकापर्यंत आले. फाटकाशी उभे राहून सगळ्या शाळेला म्हणायला लागले. नाऊ ऑल कम. स्लोली स्लोली कम.

याच्यामागे काही गोष्ट आहे का, असं मला लोकांनी विचारलं आहे. कुणी दुरावलं होतं का, काही घडलं होतं का. काही घडलं नव्हतं. आपल्याकडे दारातून निघणाऱ्याला जा म्हणत नाहीत, एवढंच. निघणारा येतो म्हणतो, राहणारा या म्हणतो, आणि मग माणूस चप्पल घालतो. अण्णांनी इंग्रजीत तेच केलं. दाराची रीत भाषेप्रमाणे बदलते हे त्यांना मान्य नव्हतं.

एकदा तपासणीला साहेब आले होते. लांब बाह्यांचा स्वेटर, खिशाला दोन पेनं. शेवटचा तास त्यांनी स्वतः घ्यायचा म्हणून खडू हातात घेतला, फळ्यावर काहीतरी लिहिलं, तेवढ्यात घंटा झाली. अण्णा सवयीने दारात गेले. "नाऊ, ऑल कम." साहेबांना वाटलं, मुलं फळ्याशी येणार. ते हसून दोन पावलं पुढे आले, हातही पसरले. आणि अख्खा वर्ग त्यांना वळसा घालून बाहेर निघाला.

मी शेवटच्या बाकावर होते. मागे राहिले, म्हणून पुढचं ऐकलं.

"व्हेअर आर दे गोइंग?" साहेबांनी विचारलं.

"होम, सर."

"बट यू सेड कम!"

"येस सर."

साहेब मराठीत आले. "गुरुजी, ही चूक आहे. तुम्ही इंग्रजीचे शिक्षक. मुलं हेच शिकतील."

"पेपरात ती गो लिहितात साहेब, विचारून बघा," अण्णा म्हणाले. "पेपरात गो, दारात कम. दोन्ही शिकवलंय."

"दारात वेगळं इंग्रजी असतं का?"

"आमच्या दारात असतं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी साक्षीदार असल्यासारखं. मग ते हसले की नाही ते मला आठवत नाही. हातातला खडू त्यांनी फळ्याच्या कडेला अगदी अलगद ठेवला, हे आठवतं. आणि निघताना अण्णांनी त्यांनाही पायरीपर्यंत पोचवलं आणि हात जोडून म्हणाले, "प्लीज कम, सर." चहाला बोलावल्यासारखं. साहेबांची जीप सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी मी ते वर्गात सांगितलं, आणि ते शाळेचं ब्रीद झालं. पेपरात गो, दारात कम. पोरं गॅदरिंगमध्ये ओरडायची, लग्नांत एकमेकांना निरोप देताना म्हणायची. मुलं मोठी झाली, कुणी पुण्याला, कुणी आणखी लांब राहायला लागली. सुट्टीत आली की अण्णांना भेटायला घरी यायची, पोह्यांच्या बश्या रिकाम्या करायची, आणि उठताना दारात थबकायची. अण्णांनी म्हटल्याशिवाय चप्पल घालायची नाहीत.

शेवटी शेवटी ते दवाखान्यात होते. संध्याकाळची भेटायची वेळ. फिनेलचा वास, पडद्यामागे कुणाच्या तरी मशीनची टिकटिक, आणि खिडकीत नाशिकचा तो बारीक, दिवसदिवस न थांबणारा पाऊस. त्यांचं बोलणं जवळजवळ थांबलं होतं. मी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली, उगाचच दोनदा. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, टाइम झाला." मी उठले. दारापर्यंत आले आणि वळून बघितलं. अण्णांनी उशीवरून मान एवढीशी फिरवली होती. ओठ हलले. आवाज आला नाही म्हटलं तरी चालेल. पण मी तो शब्द इतक्या संध्याकाळी फाटकाशी उभी राहून ऐकला होता, की मला आवाजाची गरज नव्हती.

कम.

मी घरी आले. पहाटे फोन आला.

हे मी विलासला सांगितलेलं नाही. कमानीच्या कमिटीलाही नाही. वाद जिंकायला मला हा शब्द वापरायचा नाही. तो मला फक्त भिंतीवर हवा आहे, जसा होता तसा.

तर शनिवारी सकाळी कमानीखाली आम्ही तिघं होतो. मी, विलास, आणि रामदास. रामदास अण्णांचाच विद्यार्थी, बाग अजून राखून आहे, आणि कमानीचं सिमेंट त्यानेच दिलं. पेंटर शिडीवर चढून बसला होता. ब्रश निळ्या रंगात बुडवून तो आमच्या तोंडाकडे बघत होता.

"ताई, मी दोन पर्याय आणलेत," विलास म्हणाला. "गो फॉरवर्ड. नाहीतर गो अँड शाइन. भाव तोच राहतो."

"भाव तो नाही राहत."

"बरं. मग नुसतं मराठीत या लिहू. सुटसुटीत."

"ते इंग्रजीचे शिक्षक होते, विलास."

"मग इंग्रजीत लिहू, पण अवतरणचिन्हांत. म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की आपल्याला चूक माहीत आहे."

"अवतरणचिन्हं म्हणजे चिमट्यात धरलेला शब्द. नको."

"खाली बारीक अक्षरात अर्थ?"

"दारात उभ्या माणसाला तू अर्थ सांगतोस का?"

रामदास हसला. "विलासभाऊ, आपल्याकडं जा फक्त कुत्र्याला म्हणता. ते पण परक्याच्या."

"तू गप रे, रामा." विलास माझ्याकडे वळला. त्याचा आवाज खाली आला होता. "ताई, तुम्हाला आजचं जग माहीत नाही. कुणीतरी फोटो काढणार. खाली लिहिणार, बघा, इंग्रजीच्या सरांचं इंग्रजी. हजार माणसं हसणार सरांना. मला ते सहन होणार नाही. मी आज जो आहे तो त्यांच्यामुळे आहे."

हे तो खरं बोलत होता. त्याचे डोळे तांबडे झाले होते. आम्ही दोघं एकाच माणसाला सांभाळत होतो, आणि म्हणून मला जास्त राग आला.

"हसू देत," मी म्हणाले. "साहेबांसमोर ते लाजले नव्हते. आता त्यांच्या वतीने तू का लाजतोस? मला सगळे नियम माहीत आहेत, विलास. तुझ्यापेक्षा दोन जास्तच असतील. दिवसभर मी लोकांची वाक्यं सरळ करते आणि त्याचे पैसे घेते. पण हे वाक्य माझ्या हातून सरळ होणार नाही. हे चुकलेलं नाही. हे आपलं आहे. चूक म्हणायचं असेल तर चूक म्हण, पण मग ती चूक एवढ्या मोठ्या अक्षरात लिही की शेवटच्या वर्गाच्या दारातून दिसली पाहिजे."

मी एवढं सलग बोलत नाही. माझाच आवाज मला उपरा वाटला. पेंटरने ब्रश डब्यावर टेकवला.

"आणि नाहीच लिहिलं तर?" विलासने विचारलं.

"तर बाहेरचं नावही पुसा. नाव त्यांचं आणि बोलणं दुसऱ्याचं, असं चालणार नाही."

 विलास खिशात हात घालून खांबाला टेकला. रामदासने पेंटरला खूण केली. पेंटरने नाऊ लिहिलं, जीभ दातांत धरून, मग ऑल. मग शिडी सरकवायला खाली उतरला, आणि तेवढ्यात घंटा झाली.

शनिवारची सकाळची शाळा सुटली. तीच घंटा होती, लोंबता लोखंडाचा तुकडा, तिचा शेवटी फाटणारा आवाज तोच. मुलं धावत आली. कमानीत शिडी आडवी, जमिनीवर रंगाचा डबा, आणि मागून रेटा. पुढची मुलं शिडीवर आदळणार असं दिसलं आणि विलास पुढे झाला. एका हाताने त्याने शिडी धरली, दुसऱ्याने वाट करून दिली.

"सावकाश! एकेक, एकेक! स्लोली स्लोली! या, या इकडून. कम, बेटा. कम, कम."

मुलं त्याच्या हाताखालून वाकून बाहेर पडत होती. एक चिमुरडी मधेच थांबली, वर बघितलं, आणि अक्षर अक्षर लावून वाचलं, "नाऊ... ऑल..." तिने विलासला विचारलं, "सर, पुढचं कुठंय?"

 मागून मुलांनी तिला ढकलत नेलं. शेवटचं मूल गेलं, नाही, तो शब्द मला इथे वापरायचा नाही, निघालं. धूळ खाली बसली. रामदास तोंडावर रुमाल धरून उभा होता, हसत होता की काय, कळलं नाही.

पेंटर पुन्हा चढला. "साहेब, पुढं काय लिहू?"

विलासने वर, त्या कोऱ्या जागेकडे बघितलं. मग एकेक अक्षर सांगितलं. वर्गात स्पेलिंग सांगतात तसं, उभं राहून, हात मागे बांधून. "सी. ओ. एम. ई." आणि थोड्या वेळाने, "मोठं काढा. शेवटच्या वर्गाच्या दारातून दिसलं पाहिजे."

मी शेवटचं अक्षर पुरं होईपर्यंत थांबले. ते वाचायला शाळेकडे पाठ करावी लागते. मी केली. वाचलं. मग त्याच्या खालून निघाले.

रंग ओला होता. वरून एक थेंब माझ्या खांद्यावर पडला. निळा, मोरचुदासारखा. पांढऱ्या सुती साडीवर तो तिथल्या तिथे पसरला.

"अरे, अरे, ताई!" विलास रुमाल काढून धावला. मी हात आडवा केला. तो तिथेच थांबला, रुमाल हातात धरून. मग कमानीच्या खांबाला हात लावून म्हणाला, "या, ताई."

"येते," मी म्हणाले.

काल इस्त्रीवाला साडी घेऊन दारात आला होता. डाग उजेडात धरून म्हणाला, "ताई, रॉकेल लावून बघू का? निघून जाईल."

"राहू दे," मी म्हणाले.